कोपऱ्यातली नववी देग

"अब्बा, तुमच्या धंद्यात अंदाज लई हाय अन् आकडा कमी हाय!"

निलंग्याच्या अजीज बावर्चींना हे त्यांच्याच भटारखान्यात, त्यांच्याच बिर्याणीच्या मोठ्या देगीला टेकून सांगायची हिंमत एकाच माणसात होती. त्यांच्या लेकीत, जेबात!

जेबाला मॅनेजमेंट अकाउंटंट व्हायचं होतं. नुसता जमाखर्च लिहिणारी नव्हे हं! कुठे काय जास्त लागतंय, काय वाया जातंय, हे कारखान्याच्या मालकाला आधीच सांगणारी. सीएमएची इंटर ती पास झाली होती. पुढचा क्लास आणि ट्रेनिंग नांदेडला. तिथलं आपलं केबिन तिला आत्तापासूनच दिसायचं. काचेचं दार, गरगर फिरणारी खुर्ची, पितळी पाटी, आणि दाराबाहेर अदबीने थांबलेला मालक. कांदा चिरता चिरता ती खुर्चीत जाऊन बसायची. डोळ्यांत पाणी यायचं ते कांद्याचं की खुर्चीचं, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

अब्बा तिला पाठवायला तयार नव्हते. शेवटी त्यांनी सौदा केला. "शहेबाजच्या लग्नाची दावत, वलीमा हाय न्हव, त्याचं माप तू काढ. मी मधी तोंड घालणार न्हाई. काय वाया न्हाई गेलं अन् कुणी उपाशी न्हाई राहिलं, तर जा नांदेडला. बिघडलं तर नांदेडचं नाव काढायचं न्हाई!"

"जबान?"

"जबान!"

नवरदेव शहेबाजची आई अफसानाखाला हिने पाहुण्यांची यादी पाठवली. पाचशे बारा माणसं! जेबाने तीन दिवस त्या यादीचा अभ्यास केला. पोरं किती, म्हातारे किती, डॉक्टरनी भात बंद केलेले किती, आणि बंद करूनही खाणारे किती! आठ देगा पुरतील, तांदळाचा दाणा उरणार नाही, असा तिचा हिशेब निघाला.

पण अब्बा नेहमीसारखी नववी, छोटी देग घासायला बसले होते. ही देग दर दावतीला कोपऱ्यात चादरीखाली झाकलेली असायची.

"ही कुणासाठी?"

"असती अशीच एक."

"अशीच? अब्बा, हिला कोणत्या रकान्यात टाकू?"

अब्बांनी देगीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि जबान आठवून मिटलं. "सगळे धरलेस न्हव?" एवढंच विचारलं.

"यादीतला एक न एक माणूस!"

नववी देग पालथी पडली.

वलीमा काय रंगला म्हणून सांगू! पंगतीवर पंगत उठत होती. कुणाला कमी नाही, कुणाच्या ताटात उरलं नाही. शेवटच्या पाहुण्याने बोटं चाटली आणि आठव्या देगीचा तळ दिसला. जेबाने त्या तळाचा फोटो काढला. तेवढ्यात देग नाहीशी झाली, काचेचं दार आलं. पितळी पाटीवर ऊन पडलं होतं. खुर्ची हलकेच डावीकडे फिरली, मग उजवीकडे. मालक म्हणत होता, मॅडम, तुम्ही नसता तर...

"जेबा! झालं का सगळ्यांचं?" समोर अफसानाखाला उभी होती.

"झालं खाला! एक दाणा वाया गेला न्हाई!"

"शाबास गं माझी बाय! आता आमचं वाढ."

"तुमचं?"

"मग! नवरा-नवरी, मी, यासेरमामू, सकाळपासून वाढून राहिलेली पोरं. चाळीस जण हाव आम्ही. घरचे शेवटीच बसतात न्हव?"

जेबाने यादी उलटून पाहिली. यादी पाहुण्यांची होती. घरच्यांना आमंत्रण कोण देतं? नववी देग कुणासाठी असायची, ते तिला आत्ता कळलं.

"देग... देग दमावर हाय, खाला, वाफ मुरून राहिलीय. दहा मिनिटं!"

दहाची वीस झाली, विसाची चाळीस. ती अब्बांकडे धावली. "अब्बा, काहीतरी करा!"

"गोश्त संपलं, तांदूळ संपला. माप कुणाचं होतं?"

तिकडे जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावर यासेरमामू सगळ्यांना समजावत होते, "एवढा लांब दम नवाबाला देत्यात! खास घरच्यांसाठी काहीतरी केलंय पोरीनं!" हे ऐकून सकाळपासून उपाशी असलेल्या शहेबाजने शेरवानीची वरची दोन बटणं काढून ठेवली.

जेबाने बसस्टँडवरच्या हॉटेलात फोन लावला. "चाळीस प्लेट सुशीला! आत्ताच्या आत्ता!"

सुशीला म्हणजे भिजवलेले चुरमुरे, शेंगदाणे, मिरची. वलीम्यात हे ताटलीतून कसं न्यायचं? मग तिने ते नवव्या देगीत ओतलं, वर झाकण घातलं, आणि भटारखान्यातल्या दोघांनी ती देग मिरवत दस्तरखानावर आणली. यासेरमामूंनी बिस्मिल्लाह म्हणून झाकण उचललं, नाक आत घालून डोळे मिटून वास घेतला, आणि डोळे उघडले.

"चुरमुरे?"

नवी नवरी घुंघटात हसली की रडली, ते कळायला मार्ग नव्हता. शहेबाजने मात्र एकही प्रश्न न विचारता तीन प्लेटा संपवल्या आणि लिंबू मागितलं. अफसानाखाला सगळ्यांदेखत म्हणाली, "अजीजभाई, तुमच्या हातानं आज पहिल्यांदा माझं घर उपाशी राहिलं." जेबाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपल्यामुळे अब्बांची मान खाली गेली, हे तिला नांदेड हातचं गेल्यापेक्षा जास्त लागलं.

घरी ती गुपचूप देगा घासत बसली. पाटी, खुर्ची, काचेचं दार, सगळं राखेबरोबर वाहून चाललं होतं.

"जेबा," अब्बा म्हणाले, "बॅग भर. नांदेडला जा."

"अब्बा! खरंच? पण आपला सौदा..."

"सौदा गेला चुलीत! तू अजून एक वलीमा इथं केलास, तर माझा धंदा बसंल!"

आठवड्याने ती निघाली. नांदेडच्या रूमवरच्या तिघी मैत्रिणींसाठी तिने अब्बांकडून बिर्याणीचे डबे भरून घेतले, मोजले, आणि वहीत लिहिलं : माणसं तीन, डबे तीन, वाया शून्य. एसटी हलली तशी ती पुन्हा काचेच्या दारापाशी पोचली.

भूक लागली तेव्हा तिने पिशवी उघडली. तीन डबे. तिघींचे!

तिने पुन्हा मोजले, आणि मग पिशवीच्या तळाशी हात घातला. तिथे जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक चौथा डबा होता. अजून गरम.