भिकाजीची मुंगी आणि पांढरा ठोकळा

बाळांनो, ही गोष्ट अगदी खरी आहे. गळ्याशपथ. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे त्या दिवशी मी आत्याकडे गेलो होतो. पण डोळे माझेच होते.

एका जंगलात, जिथे झाडं कमी आणि तज्ज्ञ जास्त होते, भिकाजी नावाचं साळिंदर राहायचं. त्याने जुन्या लॅपटॉपवर एक छोटा खेळ केला होता. मुंगीला गुळापर्यंत न्यायचं, वाटेत पाल. बस्स. सगळी पिल्लं त्याच्या बिळापाशी रांग लावायची. त्याची लेक ठकी तर जेवायलाही उठायची नाही.

वाघोबांच्या जत्रेत हा खेळ मांडायचा होता. चार दिवस उरले होते.

तेवढ्यात पोपटराव आले. त्यांनी जन्मात एकही खेळ केला नव्हता, म्हणून ते मार्गदर्शन करत.

"कोणत्या इंजिनात केलास रे?"

"असाच केला, पोपटराव. हाताने."

"शी! अरे, इंजिन म्हणजे खेळ बनवायचं तयार सॉफ्टवेअर. सगळं जग त्यातच खेळ करतं. आणि तू राजासमोर मुंगी नाचवणार?"

भिकाजीचे उभे काटे आडवे झाले. त्याने नेटवरून इंजिन उतरवायला घेतलं.

लॅपटॉप म्हणाला, "जागा अपुरी आहे."

भिकाजीने लग्नाचे फोटो पुसले. अपुरी. आईच्या आवाजातल्या ओव्या पुसल्या. तरी अपुरी. उरली मुंगी.

"बाबा, मुंगी नको ना!" ठकी म्हणाली.

"गप गं. आता हत्ती येणार आहे, हत्ती!"

मुंगी गेली. भिकाजीने लॅपटॉपला कुंकू लावलं, नारळ फोडला. नव्व्याण्णव टक्क्यांवर इंजिन दोन दिवस अडून राहिलं. चौथ्या दिवशी, भर जत्रेत, एकदाचं उघडलं.

आत करडं मैदान. मधोमध पांढरा ठोकळा. तो इंजिनासोबत फुकट येतो.

"हे काय?" वाघोबा गुरगुरले.

"इंजिन, महाराज!" पोपटराव किंचाळले. "बसलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वाघोबांनी भिकाजीला शाल पांघरली. काट्यांनी तिची चाळण झाली.

ठकीने ठोकळ्याला बोट लावून पाहिलं. "बाबा, हा गूळ खातो का?"

भिकाजी ढसाढसा रडला.

तात्पर्य : खेळ करणाऱ्याला पिल्लं विचारतात, इंजिन बसवणाऱ्याला वाघ विचारतो. म्हणून शहाण्याने खेळ करू नये.

आता शपथ घेतलीच आहे, तर सांगून टाकतो. भिकाजी रडला, एवढं मी पदरचं घातलं. तो तेव्हा इंजिनाची नवी आवृत्ती उतरवत होता. तिलाही जागा अपुरी पडत होती. ठोकळा सोडून आणखी काय पुसावं, एवढीच त्याला चिंता होती.