काटुलीचं खळ्ळ

एका जंगलात, बाळांनो, फार म्हणजे फारच शिस्त होती. निदान शाळेबाहेरच्या पाटीवर तरी तसं लिहिलं होतं.

शाळेचे मुख्याध्यापक होते बगळेसर. रोज सकाळी प्रार्थनेनंतर ते सगळ्या पोरांना एका पायावर, अजिबात न हलता उभं करत. स्वतःही डोळे मिटून उभे राहत. मधेच एखादा मासा गट्ट करत, पण त्याला ते हलणं म्हणत नसत.

या शाळेत काटुली नावाची साळिंदराची पोर होती. हुशार, गोड आणि भलती बडबडी. तिचा खांदा मात्र सारखा उडायचा आणि पाठीवरचे काटे वाजायचे. खळ्ळ!

"मुद्दाम करतेस!" बगळेसर म्हणाले.

"नाही हो सर. होतं ते आपोआप." खळ्ळ!

स्नेहसंमेलनाच्या नाटकात काटुलीला राणी व्हायचं होतं. तिचे सगळे संवाद पाठ होते. प्रधानाचेसुद्धा.

"राणी हलत नसते," सर म्हणाले. "हे बंद कर. नाहीतर राणी म्हणून गोगलगाय उभी करीन."

काटुली घरी येऊन खूप रडली. ते ऐकून सगळं जंगल तिच्या मदतीला धावलं. पोरीचे खरे हाल तिथून सुरू झाले.

माकडीणकाकूंनी दृष्ट काढली. कोल्हेकाका म्हणाले, "रात्रभर काजवे बघत बसते. दुसरं काय होणार?" अस्वलमावशींनी दोन फटके द्यायला सांगितलं. त्या पडशावरही तेच सांगत. उरलेले सगळे झाडाआडून काटुलीवर नजर ठेवून बसले. खळ्ळ झालं की एका सुरात ओरडायचे, "थांब!"

काटुली दचकायची. खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ!

शेवटी आई तिला घुबड डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तिला नीट तपासलं. तिचं सगळं ऐकून घेतलं.

"याला टिक म्हणतात," बाई म्हणाल्या. "ही खोड नाही आणि हट्टही नाही. शिंक दाबून ठेवता येते का? थोडा वेळ येते. मग दुप्पट जोरात येते. तसंच आहे हे. पुष्कळ पोरांचं मोठं होता होता कमी होतं. हिला फारच त्रास झाला तर आवरायच्या युक्त्या शिकवू. तोवर कुणी टोकायचं नाही."

"आणि औषध?" आईने विचारलं.

"देते की. पण तिला नाही."

दुसऱ्या दिवशी जंगलात घरोघरी आवळे वाटले गेले. काटुलीला टोकावंसं वाटलं की ज्याने त्याने आपला आवळा तोंडात धरायचा, अशी डॉक्टरीणबाईंची सूचना होती. काय सांगू! जंगल इतकं शांत झालं की जवळच झरा आहे, हे कित्येकांना प्रथमच कळलं.

मग डॉक्टरीणबाई स्वतः शाळेत गेल्या आणि बगळेसरांकडे नुसतं बघत बसल्या. पापणी न हलवता. सरांनी मुकाट्याने काटुलीला राणी केलं आणि स्वतःही एक आवळा घेतला.

संमेलनात राणी सिंहासनावर बसली.

"प्रधानजी," खळ्ळ! "प्रजा सुखी आहे ना?" खळ्ळ!

कुणाचं लक्ष गेलं, कुणाचं नाही. नाटक आपलं पुढे चाललं. काटुली अशी रंगात आली की आईचे डोळे भरून आले.

पण पहिल्या रांगेत बगळेसरांची चोच थरथरू लागली. त्यांनी आवळा घट्ट दाबला. मान वळवली. डोळे मिटले. थोडा वेळ जमलं. मग फट्! आवळा उडून प्रधानाच्या कपाळावर बसला आणि सर दुप्पट जोरात किंचाळले, "हलू नकोस!"

सगळं जंगल सरांकडे वळून बघू लागलं. सर लाजेने लाल झाले. अस्वलमावशी तर बाह्या सरसावून उठल्याच.

राणीने हात वर केला.

"प्रधानजी, सरांना कुणी टोकू नका," ती म्हणाली. "टोकलं की वाढतं."

तात्पर्य : मूल सारखं सारखं काही करत असेल, तर घरातल्या मोठ्या माणसांना ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावं. जमल्यास मुलालाही सोबत घ्यावं.