काळजाची सनद

स्वस्ति. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघमासीं, आदितवारीं, प्रहर दिवस चढतां अर्धापूर प्रांतीं जो तुंबळ प्रसंग गुदरला, त्याचा साद्यंत मजकूर येणेंप्रमाणें लिहिला आहे. लिहिणाराने पदरचें कांहीं घातलें नाहीं. घातलें असेल तर चवीपुरतें.

अर्धापुरीं राजश्री भुजंगराव, केळीच्या अडीच एकरांचे अधिपती, वय चौपन्न, अंगाने किडकिडीत, चालीने चपळ, कंबरेस तंबाखूची चंची अष्टौप्रहर. त्यांचें ठाम मत ऐसें कीं, हृदयाचा विकार हा पोट सुटलेल्यांचा आणि गादीवर लोळणारांचा, मळ्यांत राबणाऱ्याच्या वाटेस तो जात नाहीं. या मतास बळकटी देणारी एक सनदही त्यांचेपाशीं होती. गतसालीं दिवाळीचे सुमारास पोट दुखलें म्हणून ते नांदेडास गेले आणि सोनोग्राफी करविली, तेव्हां तपासणारा बोलिला कीं लिव्हर उत्तम आहे. रावांनीं पुसिलें, लिव्हर म्हणजे काय? तो घाईंत होता, बोलिला, काळीज. झालें! काळीज उत्तम हें वाक्य ऐकून राव गजगतीने घरीं आले, आणि त्या कागदास लॅमिनेशन करविलें, आणि देवघराशेजारीं खिळ्यास टांगिला, आणि मग आल्यागेल्यास तो दाखवून छाती ठोकूं लागले. त्याच छातीचा पुढें हा मजकूर.

ते दिवशीं बागेंतून घड काढून गाडींत भरणें चाललें होतें. गाडी रावांच्या पत्नी सिंधुबाई यांचे धाकटे बंधू बालाजी यांची, जातीची छोटा हत्ती. चौथा घड उचलितां रावांच्या छातीवर दहा घडांची थप्पी पडावी ऐसा भार आला, आणि तो भार चढत चढत जबड्यास भिडला, आणि माघाच्या गारव्यांत राव घामाने न्हाले. सिंधुबाई बांधावरून पाहत होत्या. तीस वर्षांच्या संसारांत नवरा घाम गाळतांना त्यांनीं नित्य पाहिला होता, पण उभ्या जागीं भिजतांना पाहिला नव्हता.

रावांनीं बसल्या जागेवरून जाहीर केलें कीं हा गॅस होय. बालाजीरावांनीं तत्काळ दुजोरा दिला, आणि मग गॅसावर स्वारी मुक्रर जाहली. आघाडीस सोडा, उजवे बगलेस ओवा, डावे बगलेस हिंग, आणि पिछाडीस लिंबू, ऐसी फौज एकापाठोपाठ रावांच्या उदरांत उतरली आणि तेथें काय धुमाळी माजली ते ईश्वर जाणे. अर्ध्या घटकेने एक ढेकर ऐसी निघाली कीं शेजारच्या बागेंतले बगळे उडाले. बालाजीरावांनीं फत्ते जाहली म्हणून टाळी दिली. परंतु घाम हटेना आणि जबडाही सुटेना.

सिंधुबाई म्हणाल्या, “अवो, दवाखान्यात चला. मला लई भ्या वाटून राहिलंय.”

“गॅसपायी दवाखाना? लोक हसतील,” राव बोलिले, आणि बालाजीरावांस पिटाळून घरची सनद मागविली, आणि ती बाईंच्या हातीं देऊन आज्ञा केली, “वाच. काळीज उत्तम हाय का न्हाई?”

बाईंनीं शिक्क्याचा कागद उलटसुलट करून पाहिला. धनी डोळ्यांदेखत पांढरा पडत होता आणि हातीं त्याच्या ठणठणीतपणाचा दाखला होता. रडावें तर वेळ जाई. मग बाईंनीं डोळे पुसिले आणि शस्त्र बदलिलें. म्हणाल्या, आज आदितवार, ताहेरभाईंच्या दुकानीं मटण संपेल, आपणच बसून चला. मटणाचे नांवें राव उठले. सनद छातीशीं, तोंडीं गॅसाचें नांव, ऐसे ते छोट्या हत्तीवर आरूढ जाहले, आणि बालाजीरावांनीं हत्ती हाकिला. दुकान आणि ग्रामीण रुग्णालय यांमध्यें एकच भिंत, हें बाईंनीं कोणास सांगितलें नाहीं.

ताहेरमियां तीन पिढ्यांचे खाटीक, शरीराच्या अंतरंगाचे गाढे जाणकार. दुकानापुढें आदितवारची रांग लागली होती. रावांचा चेहरा पाहून त्यांचा सुरा वरच्यावर थांबला. पुसिलें, “भुजंगभाऊ, ये क्या हाल है?” राव उत्तरादाखल सनद पुढें करिते जाहले. मियांनीं चष्मा चढविला, कागद वाचिला, पुन्हां वाचिला, आणि सर्व रांगेसमक्ष विचारिलें कीं, हें लिव्हर म्हणजे काय समजलांत?

“काळीज.”

मियांनीं आकड्यावरून एक ऐवज काढून तागडीच्या एका पारड्यांत ठेविला आणि दुसरा ऐवज दुसऱ्या पारड्यांत. “ही कलेजी. हे दिल. तुमी दर आदितवारी पाव किलो कलेजी नेता, तेच हे लिव्हर. दिल वेगळं हाय भाऊ. तुमचा कागद कलेजीचा हाय.”

राव एका पारड्याकडे पाहत, मग दुसऱ्याकडे, मग आपल्या छातीकडे. जन्मभर ज्या तागडीवर विश्वास ठेविला तिनेच निवाडा दिला, आतां दाद कोठें मागावी? “मंग माझ्या दिलाचा कागद कुठं हाय?” ऐसें ते अगदीं बारीक आवाजांत बोलिले.

“भिंतीपल्याड,” सिंधुबाई म्हणाल्या.

मग मियांनीं ऐन आदितवारीं दुकानाचें शटर ओढिलें, जें त्यांच्या वडिलांनींही कधीं केलें नव्हतें, आणि रावांस एक पाऊल चालूं न देतां खुर्चीसुद्धां उचलिलें, एकीकडून मियां, दुसरीकडून बालाजीराव, आणि पुढें सनद घेऊन बाई. रुग्णालयाच्या डॉक्टर सदफ यांनीं छातीस तारा लाविल्या, कागदावरची रेघ पाहिली, आणि म्हणाल्या, “गॅस नाही. अटॅक आहे.” बालाजीरावांनीं ढेकरेचा हवाला दिला. डॉक्टरबाईंनीं फर्माविलें कीं, ढेकर पोटाची, तिने हृदयाची वाट मोकळी होत नाहीं. लागलीच एक गोळी चावण्यास देऊन रावांस रुग्णवाहिकेंतून नांदेडास रवाना केलें. वाटभर सिंधुबाईंनीं धन्याचा हात धरून ठेविला. त्यांना फार प्रेम आलें आणि फार रागही आला.

नांदेडीं मनगटाच्या नळींतून तार आंत शिरली, आणि चोंदलेल्या ठिकाणीं पोहोंचून स्प्रिंग बसवून रक्तास वाट देती जाहली. दोन तास आणखी लागते तर ही बखर लिहिली गेली नसती, ऐसें तेथील डॉक्टर बोलिले. राव वांचले. चंची पदच्युत जाहली.

पंधरा रोजांनीं राव तपासणीस डॉक्टर सदफ यांजकडे आले, समागमें सिंधुबाई, बालाजीराव आणि ताहेरमियां. काम आटोपतां रावांनीं अर्ज केला कीं हिलाही तपासा, ही जिना चढतां थांबते. बाई फणकारल्या, “मला काय धाड भरलीय? बायकांला असलं होत न्हाई. माझं काळीज ठणठणीत हाय.”

भुजंगराव शांतपणें बोलिले, “कंचं काळीज, सिंधु?”

ताहेरमियां भिंतीकडे तोंड करून हसले. बाई खाटेवर बसल्या आणि हात पुढें केला. रक्तदाब चढा निघाला, गोळी सुरू जाहली, पुढील तपासणीची तारीख पडली. बालाजीरावांनीं चिठ्ठी लॅमिनेशनास नेऊं कां म्हणून पुसिलें, तेव्हां डॉक्टरबाईंचा हुकूम जाहला कीं, कागद ज्या दिवसाचा त्या दिवसापुरता, टांगूं नये.

येणेंप्रमाणें गॅसाचा पाडाव होऊन मोहीम फत्ते जाहली. जुनी सनद ताहेरमियांचे दुकानीं, कलेजीच्या आकड्यावर, योग्य जागीं लाविली आहे. घरच्या खिळ्यास हल्लीं दोघांच्या गोळ्यांची एक पिशवी असते.