सासूबाई ऐकतायत

"यात बोलायचं कुठून?" अर्लीन स्टॅलर्डने स्कॅनर उलटासुलटा करून पाहिला.

"बोलायचं नसतं गं, नुसतं ऐकायचं," तिचा नवरा डेल्बर्ट म्हणाला. "गाडीतला ड्रायव्हर आणि त्याची माणसं रेडिओवर जे बोलतात ते आपल्याला ऐकू येतं. आपल्या कोल्बीचा चॅनेल लावून दिलाय बघ."

नुसतं ऐकायचं, ही कल्पना अर्लीनला नवीन होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्यावर तशी वेळ कधी आली नव्हती. तरीही तिने हेडफोन चढवले. ऑक्टोबरात तिच्या लेकीचं, केंड्राचं, कोल्बी मलिन्सशी लग्न होणार होतं, आणि हा होणारा जावई डोंगराच्या कुशीतल्या त्या छोट्या ट्रॅकवर शनिवारच्या मोटारशर्यतीत उतरला होता. स्टँडातल्या निम्म्या लोकांच्या कानांवर असेच हेडफोन होते. आपण कोल्बीची सासू, हे अर्लीनने पुढच्यामागच्या चार रांगांना आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

सुरुवातीला ऐकायला काही विशेष नव्हतं. कोल्बीचा चुलतभाऊ ड्वाइट स्टँडच्या छपरावर उभा राहून, दुसरी गाडी कुठल्या बाजूने घुसतेय ते रेडिओवर सांगत त्याला वाट दाखवत होता. "आतून आलाय... अजून आत आहे... गेला. मोकळं." कोल्बी मुकाट्याने तसंच करत होता.

"किती ऐकतो गं तो!" अर्लीन शेजारी बसलेल्या केंड्राला म्हणाली. "गुणी आहे पोरगा."

इतक्यात दोन गाड्या एकमेकींना थडकून भिंतीवर गेल्या आणि पिवळा झेंडा लागला. ट्रॅक झाडून होईपर्यंत बाकीच्या गाड्या संथ चालीने गोल फिरू लागल्या. रिकामा वेळ मिळाला की माणसाला गप्पा सुचतात.

"उद्या येतोस का मासे धरायला?" ड्वाइटने रेडिओवर विचारलं.

"कुठला येतोय! उद्या रविवार. चर्च सुटलं की सासरी जेवायला."

"मग चैन आहे की!"

"चैन? लेका, त्या बाईंचं बटाट्याचं सॅलड तू खाल्लेलं नाहीस. त्याने भिंतीच्या विटा जोडता येतील. मी आपला टेबलाखालून कुत्र्याला भरवतो. मागच्या रविवारी तर तोसुद्धा उठून गेला."

स्टँडातली हेडफोन लावलेली सगळी डोकी एकदम हलली, आणि मग सावकाश अर्लीनकडे वळली. तिच्या मांडीवर झाकणाचं मोठं भांडं होतं. शर्यत संपल्यावर पोरांना भूक लागेल, म्हणून तिने सॅलड आणलं होतं.

"कोल्बी!" अर्लीन स्कॅनरवर ओरडली.

"अगं आई, त्याला ऐकू जात नाही!"

"मग हवंय कशाला हे खोकं?"

तिने केंड्राच्या गळ्यातला पिटचा, म्हणजे गाड्यांचे टायर बदलायच्या जागेचा, पास काढून आपल्या गळ्यात घातला, भांडं उचललं आणि पायऱ्या उतरायला लागली. "बाबा, अडवा ना तिला! लग्न मोडतंय माझं!" केंड्रा रडकुंडीला आली. डेल्बर्ट जागचा हलला नाही. कुत्रा इतका का सुटत चाललाय हे कोडं त्याला कित्येक महिने पडलं होतं. ते सुटल्याचं समाधान तो उपभोगत होता.

शर्यत पुन्हा सुरू झाली. थोड्या वेळाने छपरावरून ड्वाइटचा आवाज आला. "कोल्बी, निळ्या फुलांच्या झग्यातल्या एक बाई आपल्या पिटमध्ये येऊन बसल्यात. हातात भांडं आहे."

"कसलं भांडं?"

"झाकणाचं."

"ड्वाइट," कोल्बीचा आवाज बारीक झाला, "त्यांच्या कानाला काय आहे?"

"हेडफोन."



शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना पुन्हा पिवळा झेंडा लागला. पुढच्या सगळ्या गाड्या नवे टायर घालायला पिटकडे वळल्या.

"तूही ये आत!" ड्वाइट ओरडला. "तुझे टायर पार गुळगुळीत झालेत!"

"त्या गेल्या का?"

"नाही. टायरच्या ढिगावर बसल्यात. आपले बसवायचे टायर त्यांच्याच खाली आहेत."

"मग मी येत नाही."

"अरे, टायर फुटेल! मरशील!"

"बघू!"

अशा रीतीने सहावा चाललेला कोल्बी एकटाच बाहेर राहिला आणि सगळ्यांच्या पुढे आला. "काय डोकं! काय ही छाती!" लाउडस्पीकरवरच्या निवेदकाला उमाळा आला. गाडीचं शेपूट घसरत, हलत होतं, तरी कोल्बीने ती पुढे ठेवली. मागची गाडी त्याच्या बगलेत घुसली, तेव्हा टायरच्या ढिगावर उभी राहून अर्लीन घसा फोडून ओरडत होती, "आत आहे रे! आत आहे! सांभाळ, बाळा!"

कोल्बी जिंकला. करंडक घ्यायच्या जागी त्याने गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि आतच बसून राहिला. अर्लीन चालत आली. तिने खिडकीची जाळी सोडली, झाकण उघडलं आणि चमचा भरून आत धरला.

"खा."

कोल्बीने इकडेतिकडे पाहिलं. सुटकेचा काही मार्ग नव्हता. त्याने डोळे मिटून घास घेतला. मग डोळे उघडले. आणखी एक घास मागून घेतला.

"अर्लीनबाई, देवाशप्पथ सांगतो," त्याचा चेहरा उजळला, "आजचं एकदम फक्कड झालंय! हेच नेहमी का नाही करत तुम्ही?"

अर्लीनच्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या केंड्राने कपाळाला हात लावला.

"दुकानातलं आहे," अर्लीन म्हणाली. "आज सवड झाली नाही मला."

तिने शांतपणे भांड्यावर झाकण लावलं, रुमालाने जावयाच्या हनुवटीला लागलेलं सॅलड पुसलं आणि गालावर हलकेच थोपटलं.

"उद्या चर्च सुटलं की ये. घरचं करते, भरपूर. आणि कुत्रा उद्या माझ्या नणंदेकडे असेल."