चौथीच्या पोरी, दुसरीच्या पोरी

इथे डच मुलखात, बुइटनव्हेल्डर्ट वस्तीतल्या आमच्या इमारतीत, तळमजल्यावर सायकली लावायच्या खोलीत शिरताना डाव्या हाताला एक काळा फळा टांगलेला आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी त्यावर खडूने मराठी मजकूर उमटतो. इमारतीत मराठी वाचणारी माणसं तीन. मी, माझा नवरा श्रीकांत आणि तो मजकूर लिहिणारे विलास साळोखे स्वतः. तरी साळोखे असं लिहितात, की उद्या सकाळी अख्खी पेठ फळ्यापुढे मान वर करून उभी राहणार आहे.

साळोखे कोल्हापूरचे. स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करतात. कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते, पण त्या गावाला फुटबॉलचंही तेवढंच वेड आहे. पेठेपेठेच्या तालमींचे संघ असतात आणि सामन्याच्या दिवशी सासरे-जावई एकमेकांशी बोलत नाहीत. सामन्याआधी चौकातल्या फळ्यावर कोण कुणाशी भिडणार, कुणाचा काय निभाव लागणार, हे झोकात लिहायचं असतं. साळोखे स्वतः कधी खेळले नाहीत. पळताना पायात पाय अडकतो म्हणून पोरांनी त्यांना मैदानाबाहेर काढलं आणि अक्षर बरं म्हणून फळ्यावर बसवलं. ते अजून उठलेले नाहीत.

फळ्याचे त्यांचे नियम ठरलेले आहेत. पहिला, समोरच्या संघाची आधी पोटभर स्तुती करायची. "समोरच्याला मोठा म्हणायचं बगा वैनी. हरलो तर मोठ्याकडनं हरलो, जिंकलो तर मोठ्याला लोळवला. तोटा कुठंच न्हाई." दुसरा, निकालाचा अंदाज कधीच द्यायचा नाही. कितीही खोदून विचारा, उत्तर एकच, "मैदानात बघू." आणि तिसरा, शेवटी सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहायचं, 'नाद करायचा नाय.'

या शेवटच्या ओळीनेच एकदा घोटाळा केला. खालच्या मजल्यावर मेफ्राऊ, म्हणजे श्रीमती, बाकर म्हणून एकट्या आजी राहतात. सामाईक जागेत पाट्या लावायच्या नाहीत, हे सांगायला त्या तावातावाने वर साळोख्यांकडे आल्या आणि शेवटच्या ओळीत काय लिहिलंय ते विचारू लागल्या. साळोख्यांनी आपल्या डचमध्ये भाषांतर केलं. नाद म्हणजे छंद, छंद म्हणजे होबी. "खेन होबी माकन!" छंद करू नका! आजी विचारात पडल्या. एवढा रंगीत खडूने फळा सजवणारा माणूस लोकांना छंद करू नका असं का सांगतो, हे त्यांना समजेना. पण तेव्हापासून शुक्रवार आला की त्या स्वतःच खुर्ची घेऊन फळ्यासमोर बसतात आणि साळोखे त्यांना ओळ न् ओळ वाचून दाखवतात.

आता हा फळा कुणासाठी? तर तेजस्विनीसाठी. साळोख्यांची एकुलती एक लेक, कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघातली गोलकीपर. मैदानावर तिला सगळ्या 'तेस' म्हणतात. तिची आई सुनंदा आम्ही इथे राहायला येण्याआधीच गेली, त्यामुळे घरात बाप आणि लेक दोघंच. बाप कोल्हापुरीत बोलतो, लेक बहुतेक डचमध्ये उत्तर देते आणि भांडण मात्र दोन्हीकडून इंग्रजीत होतं.

एवढा फुटबॉलवेडा बाप सामन्याला मात्र जात नाही. त्याला कारण हलगी. तेजस्विनीच्या कॉलेजच्या पहिल्याच सामन्याला साळोखे गळ्यात हलगी अडकवून गेले. समोरच्या संघाची मुलगी पेनल्टी मारायला धावली आणि नेमकी तेव्हाच साळोख्यांनी हलगी कडाडवली. पोरीने दचकून चेंडू थेट कॅन्टीनच्या छपरावर मारला. कोल्हापुरात अशा माणसाला खांद्यावर घेतात. इथे पंचाने शिट्टी फुंकली, पेनल्टी पुन्हा घ्यायला लावली आणि साळोख्यांना फाटकाबाहेर काढलं. तेजस्विनी लालबुंद होऊन फाटकाशी आली आणि एवढंच म्हणाली, "बाबा, गो होम. प्लीज."

साळोखे घरी आले ते पुन्हा गेलेच नाहीत. दर शनिवारी ती खेळायला जाते आणि हे खिडकीत उभे राहून तिच्या सायकलची वाट पाहतात. मी एकदा म्हटलं, "अहो, मागच्या बाजूला गपचूप उभे राहा की." तर म्हणाले, "पोरीनं नको म्हटलंय न्हवं? मग तिनंच ये म्हणायला पायजे."

तेजस्विनी माझ्याकडे रविवारच्या मराठी वर्गाला येते. मी पुण्याची, इथे आल्यावर नोकरी मिळेपर्यंत वेळ जावा म्हणून हा वर्ग काढला आणि पुढे तो चालूच राहिला. छोट्या पोरांमध्ये मागच्या बाकावर ही उंच मुलगी गुडघे दुमडून बसते. बोलणं तिला येतं, वाचणं बेताचं. पण दारातून आत येतानाच म्हणते, "मावशी, मी आलो."

"आले," मी म्हणते.

"हो, मी आलो," ती म्हणते.

कोल्हापूरकडच्या बायका असंच बोलतात. मी आलो, मी बसलो, मी जातो. पण माझ्या वर्गातली पाच वर्षांची पोरंसुद्धा खिदळायला लागली, तेव्हा मी साळोख्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, घरी जरा तुम्हीही लक्ष द्या. एरवी माझ्यापुढे मान डोलावणारा हा माणूस एकदम ताठ झाला. "बाकी सगळं व्याकरण तुमचं, वैनी. तेवढं राहू द्या." मी मनात म्हटलं, घ्या, जगात भारी कोल्हापुरी!

आणि मग तो कपचा सामना आला.

कपमध्ये चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात, त्यात तेजस्विनीच्या संघाची गाठ पडली दोन पायऱ्या वर खेळणाऱ्या एका जुन्या क्लबाशी. त्यातच त्यांच्या पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं. म्हणजे एरवी निम्मे सामने बाकावर बसणारी तेजस्विनी या वेळी सुरुवातीपासून गोलात. साळोख्यांना इतका आनंद आणि इतकी धास्ती एकदम वाटली, की त्यांनी फळ्याची वाट न बघता मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहून टाकलं, 'आमच्या चौथीच्या पोरींची शनिवारी दुसरीच्या पोरींशी गाठ. आशीर्वाद असावा.'

इथल्या फुटबॉलमध्ये पायऱ्यांना वर्गच म्हणतात आणि पहिला वर्ग सगळ्यात वरचा. हे मंडळाला कुठून माहीत? उत्तरांचा पाऊस पडला. 'दुसरीच्या म्हणजे फारच लहान हो, जरा सांभाळून खेळा म्हणावं.' 'सामन्यानंतर पोरींना खाऊ द्या.' झाउडओस्टमधल्या एका काकांनी तर 'लहान मुलांशी असं खेळणं बरं नव्हे' म्हणून खरमरीत संदेश टाकला. श्रीकांतने मला विचारलं, "कॉलेजच्या घोड्या दुसरीतल्या पोरींशी कशाला खेळतायत?"

साळोखे जिन्यातच भेटले. "हितं उलटं असतंय हो! हितं पास झालं की खाली यायचं. चौथी पास झाली की तिसरी, तिसरी पास झाली की दुसरी." श्रीकांत म्हणाला, "मग आमच्या दुसरीच्या वर न गेलेल्या आतेभावाने इथे नाव काढलं असतं."

त्या शुक्रवारी फळा काठोकाठ भरला. मी कामावरून येऊन सायकल लावत होते, तर तेजस्विनी खांद्यावर बॅग घेऊन फळ्यापुढे उभी. एवढी वर्षं ती त्या फळ्याकडे न बघता निघून जायची.

"मावशी, व्हॉट डझ इट से?" तिने विचारलं. "माझ्याबद्दल काय काय लिहिलंय? इज इट एम्बॅरसिंग?"

मी वाचायला लागले. 'उद्या दुपारी. कालव्यापलीकडचं मैदान. समोर दुसरीवाल्या. उंची अशी की कॉर्नरला ढग बाजूला सारतात. त्यांच्या सेंटर फॉरवर्डला बघून रस्त्यावरचे सिग्नलसुद्धा हिरवे होतात. अशा थोर पाहुण्यांना आमचा मुजरा. पण पाहुण्यानं ओसरीवर बसावं, माजघरात येऊ नये. आमची फ्लूर डावीकडनं पळती तेव्हा तिची सावली मागनं येती. आमची सान्ने अंगानं बारीक, पण टॅकलला गेली की समोरचीला चपला शोधाव्या लागतात.'

तेजस्विनी हसत सुटली. सबंध संघ त्यात होता, एकेकीची खोड टिपलेली. जो माणूस दोन वर्षं मैदानाकडे फिरकला नाही, त्याला हे कळलं कुठून? रात्री जेवताना ती जे काही अर्धवट बोलायची, त्यातूनच. म्हणजे तिचं भराभर डच कळत नाही असा आव आणून हा माणूस सगळं ऐकत होता.

"अँड मी?" ती म्हणाली.

शेवटून दुसरी ओळ होती. मी वाचली. 'गोलात आमची पोरगी हाय.'

"दॅट्स इट?"

"एवढंच," मी म्हटलं. "आणि खाली, नाद करायचा नाय."

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. मग बॅग खांद्यावर सारखी केली. "मावशी, त्यांना सांग, उद्या ये म्हणून. नो ड्रम."

"तूच सांग की."

"तू सांग. मी सांगितलो तर ते रडतील."

मी सांगितलं. तर माझ्यासमोर रडले.

शनिवारी आमची वरात निघाली. पुढे साळोखे, मागे मी आणि श्रीकांत आणि सगळ्यात शेवटी, आपल्या जुन्या सायकलवर ताठ बसलेल्या मेफ्राऊ बाकर. साळोख्यांच्या सायकलच्या पिशवीतून काहीतरी गोल वर आलं होतं. मी विचारलं, तर म्हणाले, "पोळपाट हाय."

फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, पण त्या दिवशी एक गोष्ट मलाही कळली. दुसरीवाल्या खरंच फार वरच्या होत्या. चेंडू सतत आमच्याच दारात. पूर्वार्धात त्यांनी एक गोल केला. उत्तरार्धात सान्नेने कुणाच्या तरी चपला शोधायला लावल्या, फ्लूर सावली मागे टाकून पळाली आणि बरोबरी झाली. त्यानंतर तेजस्विनीवर जो मारा सुरू झाला तो विचारू नका. ती पडत होती, उठत होती, चिखलाने माखली होती. पण शिट्टी झाली तेव्हा बरोबरीच होती आणि कपमध्ये बरोबरी झाली की थेट पेनल्ट्या.

साळोखे मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. "फळ्यावाल्यानं निकाल आधी बघायचा नसतो. तुम्ही सांगा, वैनी."

अशा रीतीने आयुष्यात प्रथमच माझ्यावर समालोचनाची पाळी आली. दोन्हीकडच्या पेनल्ट्या आत जात राहिल्या. आमच्या शेवटच्या मुलीनेही आपली आत मारली. आता त्यांची सेंटर फॉरवर्ड, सिग्नल हिरवे करणारी. "अहो, ती पळतेय... तेजस्विनी डावीकडे... नाही, उजवीकडे... चेंडू... अहो साळोखे, चेंडू तिच्या पोटाशी आहे! तिने धरलाय!"

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. मी श्रीकांतला मारत होते एवढं आठवतं. चौथीच्या पोरींनी दुसरीवाल्यांना हरवलं होतं. अकराच्या अकरा एकमेकींच्या अंगावर पडल्या आणि त्या ढिगातून तेजस्विनी सुटली आणि थेट आमच्याकडे धावत आली. दोन्ही हात वर, केस चिखलात, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली.

"बाबा! मी घाबरलो न्हाई!"

साळोखे वळले आणि गवतावर खालीच बसले.

तिने त्यांना हात धरून उठवलं. "हलगी कुठाय?"

"पोळपाट हाय," साळोखे म्हणाले.

"बाबा. पिशवीत हाय. बघितलोय मी."

इथल्या दमट हवेने हलगीचं कातडं सैलावलं होतं. साळोख्यांनी ती कॅन्टीनमध्ये नेली आणि क्रोकेट, म्हणजे इथले वडे, तळायच्या कढईशेजारी धरून तापवली. मग जी वाजवली! फ्लूर नाचली, सान्ने नाचली, थोड्या वेळाने दुसरीवाल्यांच्या दोघीतिघी नाचल्या. आणि मेफ्राऊ बाकर टेबलावर मूठ आपटत प्रत्येक ठेक्याला ओरडत होत्या, "खेन होबी माकन!"

परतताना साळोखे माझ्या बाजूने सायकल चालवत होते. मग म्हणाले, "ऐकलासा न्हवं, वैनी? ती काय म्हणाली?"

"घाबरलो नाही म्हणाली."

"ऑपरेशनला आत न्यायच्या आधी सुनंदा अशीच म्हणाली हुती. मी घाबरलो न्हाई, तुम्हीच घाबरलाईसा. पोरगी दाराशी हुती, लहान." पुढच्या वळणाला त्यांनी हात दाखवला. "सुनंदाचे फोटो हाईत, साड्या हाईत. आवाज कुठं ठेवणार? पोरगी आत येऊन 'मी आलो' म्हणती, आणि मी सैपाकघरात असलो की मला वाटतं, तीच आली. एकटं एकटं वाटत न्हाई मग."

सुनंदावहिनींना मी कधी पाहिलेलं नाही, पण तेजस्विनीच्या आवाजात मी त्यांना त्या दुपारी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. वर्ग भरला होता. दार उघडलं, आणि अंगभर निळे-जांभळे डाग मिरवत तेजस्विनी दारात उभी राहिली.

"मावशी, मी आलो."

छोटी पोरं माझ्याकडे बघू लागली, मी आता काय म्हणते म्हणून.

"ये," मी म्हटलं. "आलास? बस."