रडतंय का?

वाघमारे सर मंगळवारी गेले. बुधवारी मला त्यांच्या वर्गावर पाठवलं. फळ्यावर सोमवारची आकृती होती: वर जीभ, खाली गळा, मधे बाण.

आमच्या ढोकीच्या शाळेत सर विज्ञान शिकवायचे, मी मराठी. धडा कुठलाही असो, सर थायरॉइडवर, अंगाची-बुद्धीची वाढ जिच्यावर असते त्या ग्रंथीवर, यायचेच. बाळ आईच्या पोटात तांदळाएवढं असतं, तेव्हा ही जिभेच्या मुळाशी उगवते आणि सातव्या आठवड्यात गळ्यात मुक्कामाला येते. दुष्काळात निम्मा वर्ग आईबापामागं खडी फोडायला गेला, तेव्हा उरलेल्यांना ते म्हणाले, "पोटासाठी आपली माणसं गाव सोडत्यात, तशीच ही. फक्त सांगून निघत न्हाय."

वाटेतच अडकली तर, असं कुणी विचारलं की सर हजेरी घ्यायला लागत.

बाळंतिणीच्या घरी ते मुलगा की मुलगी विचारत नसत. विचारत, "रडतंय का?" तुळजापूरच्या एसटीत एक तान्हं तासभर किंचाळलं. सगळी गाडी वैतागली. सर मात्र जागा बदलून त्याच्या शेजारी जाऊन बसले. "रडू द्या. गळा कामाला लागलाय."

त्याच दुष्काळाच्या वर्षी माझी लेक मंगल झाली. दोन महिन्यांची झाली तरी रडेना. दुधालाही उठवावं लागे. माझी आई म्हणे, लई गुणी लेकरू. सरांनी येऊन तिच्या तळव्यावर दोन टिचक्या मारल्या. मंगल घोगरं कण्हली आणि झोपली. आई म्हणाली, "मास्तर, निजल्यालं लेकरू बघवंना व्हय तुमाला?"

बाहेर येऊन सर म्हणाले, उद्याच सोलापूर गाठा. मी म्हणालो, परीक्षा होऊ द्या. तेव्हा ते मला पहिल्यांदाच स्वतःच्या घरी घेऊन गेले.

अंगणात एक मुलगी शेंगा फोडत होती. मला आठ-नऊ वर्षांची वाटली.

"माझी शालू. सतराची हाय," सर म्हणाले. "आमीबी गुणीच म्हणत होतो, सर. हिचं दुखणं मला पुस्तकात सापडलं तवा ही बारा वर्षांची होऊन गेली होती."

शालूनं निवडून एक टपोरा दाणा त्यांच्या तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सोलापूरला गेलो. मंगलची ग्रंथी जिभेपाशीच राहिली होती. डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली, दुधात कुस्करून. महिन्याभरात मंगल अशी ओरडली की शेजारी आले. सर ओट्यावर बसून संपेपर्यंत ऐकत राहिले.

शालू आता आमच्याकडे असते. मंगल पाचवीत आहे. सकाळी दोघी आपापली गोळी घेतात. मंगल फार बोलते.