विलंब निर्मूलन उपसमिती

१९९६ च्या डिसेंबरात महेंद्रने डावा बाण दाबला आणि गाडी डावीकडे वळण्याआधी कठड्यावर आदळली. गाडी संगणकातली असल्यामुळे जीवितहानी झाली नाही. परंतु महेंद्र हा आमच्या साखर कारखान्याचे अध्यक्ष काकासाहेब यांचा सख्खा पुतण्या असल्यामुळे घटनेची चौकशी करणे भाग पडले.

ती जिल्ह्यातल्या संगणक केंद्रांची खेळांची स्पर्धा होती. भरली होती कोपरगावला. प्रत्येक केंद्राने आपला संगणक आपण आणायचा, असा नियम होता. आमचा संगणक जीपमधून, दोन गोधड्यांत गुंडाळून, महेंद्रच्या मांडीवर गेला आणि तसाच परत आला.

चौकशीत दोन शक्यता निघाल्या. एक, महेंद्रचे बोट उशिरा पडले. दोन, बोट वेळेवर पडले, पण संगणकाने ते उशिरा ऐकले. पहिल्या शक्यतेवर चर्चा झाली नाही.

दुसऱ्या शक्यतेसाठी विलंब निर्मूलन उपसमिती नेमण्यात आली. अध्यक्ष काकासाहेब. सचिव गोरक्ष सर, हे कारखान्याच्या संगणक केंद्रात शिकवत आणि पुण्याला तीन महिन्यांचा कोर्स करून आले होते. सदस्य सूर्यभानराव, निवृत्त टाइमकीपर, म्हणजे माझे वडील. कारखान्याच्या गेटवर त्यांनी एकतीस वर्षे कामगारांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या होत्या आणि तालुक्यात कुठेही शर्यत असली की स्टॉपवॉच घेऊन तेच उभे राहत. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. पुढे सगळे म्हणू लागले.

त्याच बैठकीत आणखी एक ठराव झाला. उसाच्या वजनकाट्यावर संगणक बसणार होता आणि त्यावर कायम नोकरीत एक ऑपरेटर घ्यायचा होता. परीक्षा घेतली की निकाल लावावा लागतो. म्हणून पुढच्या स्पर्धेत जो आपल्या केंद्राचे प्रतिनिधित्व करील त्याच्या बोटांची चपळाई सिद्ध झाली असे मानून त्यालाच ही जागा द्यावी, असे ठरले. केंद्रात चपळ बोटांची माणसे दोन होती, महेंद्र आणि वृषाली. कारखान्याच्या गेटवर छबूबाईंचे चहाचे दुकान होते, त्यांची ही मुलगी. दोघांपैकी महेंद्र चपळ असल्याचे कागदोपत्री नमूद होते.

सुधारणांना सुरुवात झाली.

“पडद्यावर मागं चित्र असलं की मशीनवर लोड येतो,” गोरक्ष सर म्हणाले. “ते काढून टाकायला पाहिजे.”

केंद्रातल्या सहाही पडद्यांवर गळीत हंगामाच्या शुभारंभाला गव्हाणीत उसाची मोळी टाकणाऱ्या काकासाहेबांचा फोटो होता.

“काढून टाकायचं म्हणजे?” काकासाहेबांनी विचारले.

“म्हणजे लहान करायचं, साहेब.”

फोटो निम्मा करण्यात आला. विलंबही निम्मा झाल्याची नोंद इतिवृत्तात झाली.

त्यानंतर पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ काढले, कारण ते मशीनचा वेळ खाते. आवाज बंद केले. कळफलकाची सेटिंग ‘जलद’कडे सरकवली. मग गोरक्ष सरांनी दार लावून घेतले आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे संगणकाच्या आतल्या नोंदवहीत, शिरून काही आकडे बदलले. आकडे कोणते, हे त्यांनी गोपनीय ठेवले. संगणक तीन दिवस सुरूच झाला नाही, त्यामुळे त्या काळातला विलंब इतिवृत्तात शून्य धरण्यात आला. प्रत्येक सुधारणेनंतर महेंद्र गाडी चालवून पाही आणि म्हणे, “आता हलकं लागतंय.”

सातव्यांदा हलके लागले तेव्हा अप्पांनी विचारले, “किती हलकं?”

“लई.”

“लई म्हणजे किती सेकंद?”

“अप्पा, अहो, हे वाटण्यावर असतं,” गोरक्ष सर समजावणीच्या सुरात म्हणाले.

“गेटवर एकतीस वर्षं काढली मी, सर. भोंग्यानंतर दहा मिनिटांनी येणाऱ्यालाही आपण वेळेवर आलो असंच वाटायचं.”

अप्पांनी मोजायचे ठरवले. सहा संगणकांपैकी एकाला कोणीच हात लावला नव्हता, कारण त्याच्यासमोरची खुर्ची मोडकी होती. अप्पांनी घरची खुर्ची नेली आणि आदल्या रात्री सगळ्या संगणकांच्या जागा बदलून टाकल्या. महेंद्र आणि वृषाली यांना सुधारलेल्या संगणकावर वीस फेऱ्या, न सुधारलेल्यावर वीस फेऱ्या. कोणता कोणता, हे त्यांना सांगायचे नाही. दोन्ही पडद्यांवर त्या दिवसापुरता एकच फोटो, एकाच मापाचा.

महेंद्रची सरासरी सुधारलेल्यावर एक मिनिट बावन्न सेकंद आली. न सुधारलेल्यावर एक मिनिट बावन्न सेकंद. वृषालीची दोन्हींवर एक मिनिट एकतीस.

“स्टॉपवॉच दाबताना तुमचाबी उशीर झाला असंल की,” महेंद्र म्हणाला.

“झाला असेल. पण तो चारी वेळा सारखाच झाला असणार. माझ्या बोटाला कुणाची शिफारस नाही.”

वृषाली हसली. एवढ्या आठ महिन्यांत त्या खोलीत कोणी हसल्याचे तेच एक उदाहरण.

अहवाल मी सुवाच्य अक्षरात उतरवून दिला. तो सहा ओळींचा होता. सुधारणांमुळे वेळेत फरक पडत नाही. फरक खेळणाऱ्यामुळे पडतो. वृषालीस पाठवावे. बाकीच्या ओळी आकड्यांच्या होत्या.

काकासाहेबांनी अहवाल दोनदा वाचला. ते मूर्ख नव्हते, ही आमच्या तालुक्याची मोठी अडचण होती.

“सूर्यभानराव, पोरगी न सुधारलेल्या मशीनवर सुद्धा पुढं आहे. बरोबर?”

“बरोबर.”

“म्हणजे तिला सुधारणेची गरज नाही. आठ महिने आपण सुधारणा केल्या त्या कुणासाठी? ज्याला गरज आहे त्याच्यासाठी. उद्या ती गेली आणि जिंकली, तर लोक विचारतील, समितीनं काय केलं? तुम्हीच सांगा, मी काय उत्तर देऊ?”

महेंद्रचे नाव पाठवण्यात आले.

दुसऱ्या दिवशी छबूबाईंनी अप्पांपुढे चहाचा कप ठेवला, पण हात कपावरून काढला नाही.

“टाइमकीपर, माझी पोर पुढं हाय असं तुमीच लिवलं ना?”

“लिहिलं.”

“मंग ती मागं का हाय?”

“छबूबाई, मी पुन्हा सांगून बघतो.”

“कागदावर नका सांगू. त्यो कागद त्यास्नी वाचता येतो. समद्या लोकांम्होरं सांगा.”

कारखान्याच्या वर्धापनदिनी अप्पांनी मांडवात दोन संगणक ठेवले. एकावर लाल चिठ्ठी चिकटवली, ‘सुधारित’. दुसरा तसाच ठेवला. लोकांनी दोन्हींवर गाडी चालवायची आणि कोणता जलद ते सांगायचे. रांग लागली. मुख्याध्यापक बसले, डॉक्टर बसले, सोसायटीचे सचिव बसले. मीही बसले. सेहेचाळीस माणसांपैकी त्रेचाळीस जणांना चिठ्ठीचा संगणक जलद वाटला. मुख्याध्यापकांना तर डोळ्यांवरचा ताणही कमी झाल्यासारखा वाटला. मी त्रेचाळीसांत होते.

मग अप्पांनी माइक हातात घेतला. “चिठ्ठी न सुधारलेल्या संगणकावर लावली होती,” ते म्हणाले. “सुधारलेला तो दुसरा.”

अप्पा वृषालीकडे पाहत होते. आता झालं, असे त्यांना वाटले असावे. मोजायचे सोडून त्यांनी काही वाटून घेतल्याचे माझ्या माहितीतले हे एकच उदाहरण.

काकासाहेब उठले.

“सूर्यभानरावांनी आज आपले डोळे उघडले! आठ महिने आम्ही रजिस्ट्रीत हात घालत बसलो. त्यांनी दाखवून दिलं, नुसत्या चिठ्ठीनं मशीन जलद होतं. याला म्हणतात संशोधन!”

टाळ्या पडल्या. अप्पांना शाल घालण्यात आली. ती अंगावरून काढावी तर लोकांना राग येईल, ठेवावी तर खोटे ठरेल, अशा अवस्थेत ते ती एका खांद्यावर घेऊन घरी आले.

पाचशे चिठ्ठ्या छापण्यात आल्या. सहाही संगणकांना लागल्या, तक्रारपेटीला लागली, दवाखान्याच्या दाराला लागली. महेंद्रच्या शर्टाच्या खिशावर एक लावून त्याला स्पर्धेला पाठवले. तो शेवटून पहिला आला. पण ठरावात ‘प्रतिनिधित्व’ हा शब्द होता, ‘विजय’ हा नव्हता, त्यामुळे नोकरी त्यालाच मिळाली.

हंगामात वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत गेली. काट्याच्या खिडकीवर ‘सुधारित’ लिहिले होते. चार तास बसलेला एक गाडीवान दुसऱ्याला म्हणाला, “पयल्यापरीस बरं हाय.” वृषाली राहुरीला एका टायपिंगच्या क्लासात शिकवू लागली.

अप्पा मागच्या महिन्यात गेले. कारखान्याच्या सभागृहात शोकसभा झाली. काकासाहेब म्हणाले, “आपल्या तालुक्यातले संगणक आज वेगानं चालतात, ते सूर्यभानरावांमुळं. विलंब त्यांनी मुळासकट काढला.”

वृषाली राहुरीहून एसटीने आली होती. ती मागे उभी राहिली. “साहेब, अप्पांनी असं म्हटलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं की फरक…”

“श्श!”

चारशे माणसांनी एकदम केले. कोणी खूण केली नव्हती, काकासाहेबांनी मानही वळवली नव्हती. आमच्या तालुक्यात कळ दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंत इतका कमी वेळ मी कधी पाहिला नव्हता. मी मोजला नाही. मी पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते आणि गप्प होते.

माझ्या शेजारच्या खुर्चीवरून तर ते ‘श्श’ तिचे वाक्य सुरू होण्याआधीच आले. मी वळून पाहिले. चेहरा ओळखीचा होता. नाव इथे लिहीत नाही, कारण हे तुम्हीच वाचताय.